पाच हजारांच्या आतला ट्रॅप कॅमेरा लावून शेतात हरणं कुठून येतात ते कळेल का?

हो, कळतं. ट्रॅप कॅमेरा म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. मला साडेचार हजारांच्या कॅमेऱ्याने कळलं.

तुम्ही लिहिलंय की हरभरा वीतभर झाला की रात्री शेंडे खाल्ले जातात, हरणं कोणत्या धुऱ्याने (बांधाने) शिरतात ते समजत नाही, आणि घरचे म्हणतात की कॅमेरा म्हणजे पैसे पाण्यात. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरी याच गोष्टीवरून दोन हंगाम वाद चालला.

आमचं सहा एकर वावर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला आहे. उत्तरेला जंगलाची कड, दक्षिणेला नाला. हरभऱ्याला आंब (पानांवरचा आंबट रस) असते म्हणून जनावर तोंड लावत नाही असं कोणी सांगत असेल, तर त्याने कधी जागल केलेली नाही. दादाचं म्हणणं होतं, रोही (नीलगाय) आहेत, उत्तरेकडून तार ओलांडून येतात. त्या भरवशावर त्याने उत्तरेच्या धुऱ्याला सौर झटका मशीन बसवलं. निम्मे पैसे माझे होते. खाणं थांबलं नाही, तेव्हा त्याने तिथेच आणखी दोन पदर तार ओढली.

मी म्हणत होतो, आधी खाल्लेलं झाड बघ. ससा खातो तेव्हा काप तिरपा आणि साफ असतो, विळ्याने छाटल्यासारखा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून टोकाला रेषा लोंबत राहतात. आमच्याकडे सगळीकडे रेषाच होत्या. दादा म्हणाला, रोह्यालाही वरचे दात नसतात. ते खरंच आहे. पण रोही एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतात, तिथे ढीग होतो, आणि आमच्या सहा एकरांत असा एक ढीग सापडला नव्हता. यावर त्याचं एकच उत्तर, "फोटो दाखव."

म्हणून कॅमेरा घेतला. मला त्याची थोडी ओळख होती. 2018 च्या व्याघ्रगणनेत मी रोजीने मदतीला गेलो होतो. त्या वेळी देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. तिथे एक गोष्ट बघितली ती आजही पाळतो: कॅमेरा झाडाला बांधला की एकजण टेस्ट मोड लावून त्याच्यासमोरून चार पायांवर रांगत जायचा. लाइट लागला तर जागा पक्की, नाही तर कॅमेरा खाली घ्यायचा. तुमच्या छातीच्या उंचीला बांधलेला कॅमेरा चितळाच्या पाठीवरून पलीकडे बघतो. गुडघ्याच्या थोडं वर, दोन-अडीच फुटांवर बांधा.

घरी मात्र मी पहिल्या आठवड्यात घाई केली. दादाला उत्तर द्यायचं होतं, म्हणून त्याच्याच उत्तरेच्या धुऱ्यावर, पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा बांधला. कार्डात एकोणीसशे फोटो आले आणि जवळजवळ सगळे हलणाऱ्या गवताचे आणि उगवत्या सूर्याचे. सेन्सरला जनावर दिसत नसतं, त्याला हलणारी ऊब कळते. ऊन लागलेलं गवत वाऱ्याने हललं तरी तो फोटो काढतो. समोरचं दहा पावलांपर्यंतचं गवत विळ्याने कापा आणि तोंड उत्तरेकडे ठेवा. हरभऱ्याच्या दिवसांत थंडी असते, जनावराची ऊब उठून येते, त्यामुळे स्वस्त सेन्सरही नीट चालतो. मे महिन्यात दुपारी जमीन आणि जनावर सारखंच तापलेलं असतं, तेव्हा महागडाही चुकतो.

त्या आठवड्यानंतर कॅमेरा घरी ठेवला आणि दोन दिवस फक्त धुरे फिरलो. दक्षिणेला नाल्याचं पाणी शेतातून निघतं तिथे जमीन खचून खालच्या तारेखाली हात-दीड हाताची फट पडली होती. तारेच्या काट्याला केस अडकले होते. एक केस बोटांत धरून वाकवला, तो काडीसारखा मोडला आणि मोडलेलाच राहिला. हरणाचा केस आतून पोकळ असतो. रानडुकराचा राठ असतो, वाकवला तरी परत सरळ होतो आणि टोकाला फाटलेला असतो. कॅमेरा त्या फटीपासून सात पावलांवर पळसाच्या खोडाला बांधला, वाटेला आडवा न बांधता तिरका. आडवा बांधला तर स्वस्त कॅमेरा जागा होईपर्यंत जनावर निघून जातं आणि फोटोत शेपूट येतं.

तिसऱ्या रात्री, 2 वाजून 40 मिनिटांनी, फोटो आला. चितळाची मादी पुढचे गुडघे टेकून, मान लांब करून तारेखालून येतेय. पाठीवरच्या काळसर पट्ट्याच्या कडेने ठिपक्यांची सरळ ओळ मोजता येईल इतकी स्पष्ट. मागे अंधारात डोळ्यांच्या दोन जोड्या. पुढच्या सहा मिनिटांत अकरा जनावरं आत आली, एकानेही उडी मारली नाही. जागा मिळाली तर चितळ तारेखालूनच जातं.

दादा म्हणाला, आज चितळ आलं असेल, रोज रोहीच येतात. मग कॅमेरा महिनाभर तिथेच ठेवला, आणि त्याचं समाधान व्हावं म्हणून मित्राचा दुसरा उत्तरेला लावला. नाल्याकडे चौदा रात्री चितळ, तीन रात्री रानडुक्कर. उत्तरेला एका रात्री एक रोही, तेही तारेच्या बाहेरून चालत गेलेलं. ज्या बाजूला झटका मशीन होतं, त्या बाजूने महिनाभर एकही जनावर आत आलेलं नाही. यावर तो म्हणतो, मशीनमुळेच आलं नाही. असेल. पण शेत तर खाल्लं जात होतं ना? फट दगडांनी बुजवून वर जाळी लावायला मला आठशे रुपये लागले.

म्हणून घरच्यांना सांगा, कॅमेरा आधी, कुंपण नंतर.

कोणता घ्यावा, तर मेगापिक्सेल बघून घेऊ नका. स्वस्त कॅमेऱ्यांवरचे 24 आणि 36 हे आकडे आतल्या लहान सेन्सरचा फोटो फुगवून केलेले असतात. रात्रीचा फ्लॅश 940 नॅनोमीटरचा असेल तर जनावराला आणि चोरालाही उजेड दिसत नाही, फक्त टप्पा कमी पडतो. 850 चा लांब जातो पण लालसर चमकतो. तुम्हाला सात-आठ पावलांचंच काम आहे, 940 घ्या. सेल चांगले टाका. ते उतरले की दिवसाचे फोटो येत राहतात आणि रात्रीचे काळे येतात, मग माणूस कॅमेऱ्याला दोष देतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि घड्याळ लावायला विसरू नका, सगळा वाद वेळेवरच असतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कॅमेरा स्वतःच्या वावरातच लावा, जंगलात बांधायला वन विभागाची परवानगी लागते. कार्ड काढायला पहाटे एकटे जाऊ नका, ऊन वर आल्यावर सोबत घेऊन जा, जिथे चितळ तिथे वाघ-बिबटही फिरतो. वाघाचा फोटो आलाच तर वनरक्षकाला दाखवा, गावच्या ग्रुपवर टाकू नका, शिकारीही त्याच ग्रुपवर असतात. धुऱ्यावरून पहाटे बायामाणसं जातात, त्यांचे फोटो आले तर तिथल्या तिथे पुसा आणि कॅमेऱ्याची दिशा बदला. आणि घरात कोणी तारेत घरची लाइन सोडायचं बोलत असेल तर त्याला आजच थांबवा. त्याने माणसंही मरतात, वाघही मरतात आणि तो गुन्हा आहे. झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून झटका देतं.

नुकसानीचा पंचनामा करायचा असेल तर वेळ-तारीख असलेले फोटो जवळ ठेवा. मी ठेवले होते, आणि पंचनाम्यात "चितळ" लिहिलं गेलं. दादाने त्याच कागदावर सही केली आहे.

तुमच्या शेताला नाला कोणत्या बाजूने लागतो ते लिहा. तिथल्या खालच्या तारेवर केस आहेत का, ते मात्र उद्याच बघून या.