तारेच्या फील्डमध्ये ‘पाय’ घुसला कसा?

प्रश्न : सर, अनंत लांबीच्या तारेचं विद्युत क्षेत्र (फील्ड) गॉसच्या नियमाने (तारेभोवती बंद पृष्ठभाग कल्पून, आतल्या चार्जवरून फील्ड काढायचं) दोन ओळींत येतं : दोन के लॅम्डा भागिले आर. (के म्हणजे कूलोमचा स्थिरांक, लॅम्डा म्हणजे दर मीटरवरचा चार्ज, आर म्हणजे तारेपासूनचं अंतर.) मी तेच कूलोमच्या नियमाने (चार्जचं फील्ड अंतराच्या वर्गाने घटतं) करून बघितलं. तारेचे बारीक तुकडे पाडले, प्रत्येकाचं फील्ड लिहिलं आणि इंटिग्रेट केलं. उत्तर आलं पाय (π) के लॅम्डा भागिले आर. दोनच्या जागी पाय! क्लासमध्ये विचारलं तर ‘परीक्षेला गॉसच येतो, ते सोडून दे’ म्हणाले. शिवाय तार अनंत, तिच्यावरचा चार्जही अनंत, मग फील्ड अनंत का होत नाही? वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.
– बारावीतली एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : फोटो पाठवलास ते झकास केलंस, नाहीतर मी उगाच अंधारात चाचपडलो असतो. आधी हे सांगतो की तुझं इंटिग्रेशन चोख आहे. छेदात एक्सचा वर्ग अधिक आरचा वर्ग (एक्स म्हणजे तुझ्या समोरच्या बिंदूपासून तुकड्यापर्यंतचं तारेवरचं अंतर), त्याचं टॅन इन्व्हर्स, उणे नव्वद अंशांपासून अधिक नव्वदपर्यंत. पायच येणार, दुसरं काय येणार? पण तू जी बेरीज केलीस ती फील्डची नव्हे, फील्डच्या नुसत्या आकड्यांची. पानावर तारेचे तुकडे सुरेख काढलेस, अंतरं लिहिलीस, आणि फील्डची दिशा दाखवणारा बाण एकही काढला नाहीस.

आता पेन्सिल घे. बिंदूच्या समोर तारेवर जो पाय येतो (हा लंबाचा पाय, तुझा तो पाय नव्हे), त्याच्या डावीकडे एक तुकडा आणि उजवीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरा तुकडा धर. दोघांचे बाण बिंदूपाशी काढ. डावीकडचा तुकडा बिंदूला थोडं उजवीकडे ढकलतो, उजवीकडचा डावीकडे. तारेला समांतर जाणारा भाग एकमेकांत मिटतो, तारेपासून सरळ बाहेर जाणारा तेवढा उरतो. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या फील्डला कॉस थीटाने गुणायला हवं (थीटा म्हणजे तुकड्याचा बाण आणि लंब यांमधला कोन). कॉस थीटा म्हणजे आर भागिले तुकड्यापासूनचं तिरकं अंतर. एक्सच्या जागी आर टॅन थीटा ठेवलंस की सेक वर्ग वर-खाली कटतो आणि हातात राहतं नुसतं कॉस थीटाचं इंटिग्रेशन. त्याचं साइन, नव्वद अंशांना एक, उणे नव्वदला उणे एक, वजाबाकी दोन. आला ना गॉस घरी! मिटून जाणारा भागही तू बेरजेत धरलास म्हणून उत्तर ५७ टक्क्यांनी फुगलं. पाय भागिले दोन करून बघ.

फील्ड अनंत का होत नाही, याचं उत्तर त्याच ओळीत आहे. लांबचा तुकडा एक तर लांब असतो, त्यामुळे त्याचं फील्ड अंतराच्या वर्गाने घटतं. वर तो इतका तिरका ढकलतो की त्यातला कामाचा भाग आणखी एकदा अंतराने भागला जातो. एकूण घट घनाने. अशी बेरीज अनंतापर्यंत नेली तरी आटोक्यात राहते. किती आटोक्यात, तेही मोज. तू तारेपासून १० सेंटीमीटरवर आहेस असं धर. समोरच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना १०-१० सेंटीमीटर तारच फील्डचा ७१ टक्के वाटा देते. २०-२० सेंटीमीटर घेतलीस तर ८९ टक्के. ७०-७० सेंटीमीटरला ९९ टक्के. म्हणजे जेमतेम दीड मीटरची तार मधोमध १० सेंटीमीटरवरून बघितली तर व्यवहारात अनंतच. दोन मीटर लांब जाऊन बघ, तीच तार तोकडी वाटेल. (विभवाचं, म्हणजे पोटेन्शियलचं, मात्र तसं नाही. अनंत तारेसाठी ते लॉगरिदमने वाढतं, म्हणून अनंताला शून्य धरता येत नाही, दोन अंतरांमधला फरकच मोजायचा. हे पुढे कधीतरी.)

आता ‘सोड ते’बद्दल. मला हा सल्ला पटत नाही. गॉसची पद्धत देखणी आहे, पण ती सममितीच्या जिवावर चालते. कोल्हापूरचं स्टेशन बघितलंस ना? मिरजेकडून आलेला रूळ इथे संपतो, पुढे जातच नाही. तशी एका बाजूलाच अनंत गेलेली तार घे आणि तिच्या टोकासमोर लंबावर उभी राहा. गॉसचा नियम इथेही खराच आहे, पण सिलिंडर कल्पून फील्ड बाहेर काढता येत नाही, कारण ते सगळीकडे सारखं नाही आणि सरळ बाहेरही जात नाही. तुझं इंटिग्रेशन मात्र शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत केलं की काम फत्ते. लंब दिशेला के लॅम्डा भागिले आर, आणि मिटवायला समोरची बाजूच नसल्यामुळे तारेच्या दिशेनेही तेवढंच. दोन्ही सारखे, म्हणजे फील्ड बरोबर ४५ अंशांत तिरकं, चार्ज धन असेल तर तारेपासून दूर झुकलेलं. टोकासमोरून कितीही मागे सरक, कोन ४५ च. हे गणित सोडवून वहीचं पान पुन्हा पाठव. या वेळी बाणांसकट.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या धुरातली राख पकडायला ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे विजेच्या ओढीने राख वेगळी करणारं यंत्र) आहे. त्यात प्लेटांच्या मधे ज्या तारा टांगलेल्या असतात त्या इतक्या बारीक का? जाड टाकल्या तर टिकतील तरी.
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : साहेब, प्रश्न वरच्याच गणितातला आहे. तारेजवळचं फील्ड अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून तार जितकी बारीक तितकं तिच्या अंगालगतचं फील्ड तीव्र. हिशोबाला सोपं पडावं म्हणून प्लेटांऐवजी नळी घेऊ : ३ मिलिमीटर जाडीची तार, भोवती ३० सेंटीमीटर व्यासाची नळी, मधे ४५ हजार व्होल्ट. तारेच्या पृष्ठभागावर मीटरला सुमारे ६५ लाख व्होल्ट भरतात, नळीच्या भिंतीशी फक्त ६५ हजार. साध्या हवेचा विद्युतरोध मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास मोडतो, बारीक तारेलगत त्याहून बरंच जास्त लागतं, पण ६५ लाख पुरतात. त्यामुळे हवा तारेभोवतीच फुटते आणि तिथे कोरोना (तारेलगतच्या हवेतलं मंद झळाळतं विद्युत-विसर्जन) पेटतो. भिंतीकडे ती शाबूत राहते, म्हणून ठिणगी आरपार जात नाही. कोरोनातून सुटलेला ऋण चार्ज राखेच्या कणांवर बसतो, कण प्लेटेवर ओढले जातात, आणि मग हातोडे ठोकून राख खाली पाडतात. तार जाड केलीत तर टिकेल, पण तिच्या अंगाशी फील्ड उतरेल आणि त्याच व्होल्टेजला कोरोना लागणारच नाही. टिकाऊपणा हवा असेल तर जाड दांड्यावर काटे असलेले इलेक्ट्रोड मिळतात. तिथे बारीक तारेचं काम काट्याचं टोक करतं. देखभालीच्या पुढच्या बंदमध्ये त्यांची चौकशी करा.