दुसऱ्या ओळीपाशी थांब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गायकीची, चाळीसेक गाणी ओळीने ऐकली आणि सगळी एकसारखीच वाटली, असे तू लिहिले आहेस. तक्रार प्रामाणिक आहे, कारण बहुतेक गाण्यांचा सांगाडा खरोखरच एक असतो: चार-चार मात्रांचे बारा खंड, त्यांत तीन ओळी, आणि दुसरी ओळ म्हणजे पहिलीचीच पुनरावृत्ती. तू नव्या शब्दांच्या शोधात तिसऱ्या ओळीकडे धावतोस. काही दिवस दुसरीपाशीच थांबून पाहा.

दुसऱ्या ओळीला शब्द तेच असले, तरी खालची स्वरसंगती षड्जावरून मध्यमावर सरकलेली असते, त्यामुळे तोच सूर आता निराळा लागतो. त्यात गांधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. गायक तो दोहोंच्या मधून खेचत नेतो. मींड ऐकलेल्या कानांना हे अवघड जाऊ नये. शिवाय ओळ साधारण दोन खंडांत संपते आणि उरलेल्या दोन खंडांत वाद्य तिला उत्तर देते. शेतात एकाने हाळी द्यायची आणि इतरांनी ती झेलायची, ही कृष्णवर्णीय मजुरांची रीत त्या मोकळ्या जागेत टिकून आहे. (मात्र बोटांवर खंड मोजत बसू नकोस. जॉन ली हूकर हा ब्लूज गायक मनाला येईल तिथे खंड वाढवतो आणि मोजणाऱ्याची फजिती करतो.)

१९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत पेंगलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडप्रमुखाला गिटारीच्या आवाजाने जाग आली. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी दाबून सूर घसरवत होता आणि दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी निघाल्याची एकच ओळ तीनदा गात होता. इतके विचित्र संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे नोटेशन जाणणाऱ्या हँडीने पुढे लिहून ठेवले. १९१४ मध्ये त्याने ‘सेंट लुईस ब्लूज’ छापले, ते या वळणाच्या गाण्यांतले सर्वांत गाजलेले ठरले. स्टेशनवरचा तो माणूस निनावीच राहिला, याची मला अजून चुटपुट लागते.

हेच गाणे गायिका बेसी स्मिथने जानेवारी १९२५ मध्ये गायले, ते ध्वनिमुद्रण आधी ऐक. मायक्रोफोन नाही, भोंग्यासमोर उभे राहून गायलेले. साथीला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) आणि चक्क पेटी! मावळतीचा सूर्य पाहवत नाही, एवढेच ती म्हणते आणि तेच पुन्हा म्हणते. पण प्रत्येक ओळीच्या अखेरीस कॉर्नेट जे बोलतो, त्याने मधली शांतता दर वेळी बदलते. तबकड्यांच्या बाजारात ब्लूज आणला तो बेसीसारख्या गायिकांनी, १९२० मध्ये मॅमी स्मिथपासून. गिटारवाले पुरुष मागाहून आले, हे बरेच जण विसरतात.

नंतर मडी वॉटर्स. १९४१ मध्ये स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या या तरुणाचे ‘कंट्री ब्लूज’ अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित झाले. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून विजेवरची आली, आणि १९४८ मध्ये तेच गाणे ‘आय फील लाइक गोइंग होम’ या नावाने निघाले. दोन्ही एकाच संध्याकाळी लागोपाठ ऐक.

रॉबर्ट जॉन्सन या गिटारवाल्या गायकाकडे तुला मुद्दामच शेवटी पाठवतो. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कहाणी आधी कानावर पडली, की त्याची कारागिरी ऐकूच येत नाही. १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून त्याने २९ गाणी मुद्रित केली आणि काहींची दोन-दोन मुद्रणे उरली आहेत. ती शेजारी ठेवून ऐकलीस, तर गिटारीच्या बऱ्याच जागा दोन्हीकडे जवळजवळ जशाच्या तशा सापडतील, म्हणजे त्या आधीच घोटून बसवलेल्या होत्या. दुसऱ्या ओळीत त्याने कुठे बदल केला आहे, ते वहीत टिपून मला कळव.