प्रजाती नव्हे, जाती. आणि अश्वतरातला ‘तर’

इंदूरच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘नैसर्गिक निवडीने नवी प्रजाती तयार होते’ हे मराठीत बरोबर का?

नाही. वाघ ही एक जाती, सिंह दुसरी. दोन्ही पँथेरा या एकाच प्रजातीतल्या. हिंदीत वरच्या गटाला वंश म्हणतात आणि वर्तमानपत्रं वाघालाच ‘प्रजाति’ करतात. सकाळी तेच वाचून इंदुरात ती इकार दीर्घ करून मराठीत शिरते. शरबती गव्हालाही ‘प्रजाती’ म्हणणारे आहेत. शरबती हा वाण.

वाक्यात दुसरी चूकही आहे. नुसत्या निवडीने जाती बदलत जाते. एकीच्या दोन व्हायला प्रजननात फारकत पडावी लागते. अमेरिकेतली ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला ही माशी मूळची हॉथॉर्न या तिथल्या काटेरी रानझाडाच्या फळांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिचा एक गट बाहेरून आणलेल्या सफरचंदावर गेला. या माश्या आपल्या फळावरच जोडीदार गाठतात आणि सफरचंद तीनेक आठवडे आधी पिकतं. ज्या माशीचं कोशातून बाहेर येणं फळाच्या वेळेशी जुळतं, तिचीच पिल्लावळ टिकते. ही झाली निवड, आणि वेळा वेगळ्या झाल्याने भेटी कमी होतात ती फारकत. थोडी सरमिसळ चालू आहे, म्हणून दोन जाती अजून मोजत नाहीत.

फारकत जन्मानंतरही पडते: संकराचं पिल्लू जन्मतं, पण वांझ निघतं. अशा एका पिल्लासाठी संस्कृतात नेमका शब्द आहे: अश्वतर, म्हणजे खेचर. त्यातला ‘तर’ उच्चतर, लघुतर यांतला समजून ‘घोड्याहून सरस’ असा अर्थ लावतात. खेचराच्या बाबतीत हे साफ चूक. पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे (५.३.९१): वत्सोक्षाश्वर्षभेभ्यश्च तनुत्वे. या चार शब्दांना लागणारा तर ‘तनुत्व’ दाखवतो, मूळचा गुण विरळ होणं. वत्सतर म्हणजे वासरूपण सरत आलेलं वासरू, ऋषभतर म्हणजे ओझ्याला मंदावलेला बैल. अश्वतरात काय विरळ झालं? काशिका ही पाणिनीवरची जुनी टीका एका शब्दात सांगते: अन्यपितृकता. आई घोडी, बाप दुसरा!

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. बीजपेशी घडताना जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. ऐतरेय ब्राह्मणात अग्नी खेचरींच्या रथातून शर्यत धावतो, त्यांची योनी जळते, म्हणून त्या ‘न विजायन्ते’. आपली गाय व्याली, ती याच वि-जन् मधून. ‘जाती’तला जन् तोच! तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांत व्याख्या आहे: समानप्रसवात्मिका जातिः. त्यांचा भाष्यकार वात्स्यायन प्रसवाचा अर्थ ‘समान बुद्धी उपजवणं’ असा करतो. तर्कशास्त्रापुरतं ते ठीक, पण सूत्रकाराने उपजवण्याचाच शब्द का निवडला, याचं उत्तर त्यात नाही. जे आपसात वीत राहतात त्यांची एक जाती, ही जुनी समज त्या शब्दाखाली आहे असं माझं ठाम मत आहे.

गव्हाचं राहिलं. पोळ्यांचा शरबती ४२ गुणसूत्रांचा, बाट्यांचा मालवी कठिया २८चा. हे मात्र खरोखर दोन वेगळ्या जातींतले. संकराला ३५ येतात, त्यांतली ७ जोडीदाराविना राहतात, आणि ओंबीत दाणे कमी भरतात.