८५ हजारांचा पॉवर कंडिशनर घेऊ का? पैसे रॅकमध्ये नाही, मीटरपाशी घाला

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत, अँप सेफ कसा ठेवायचा आणि आवाज कसा सुधारायचा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे वाचक इचलकरंजीचे, वय ४१, स्वतःचं रो-हाऊस, मागच्या गल्लीत लूमचे शेड, त्यामुळे व्होल्टेज सारखं वरखाली. हळूहळू पैसे साठवून सिस्टिम उभी केली, ६५ हजारांचा अँप, ९० हजारांचे फ्लोअरस्टँडर स्पीकर, ३५ हजारांचा टर्नटेबल आणि १८ हजारांचा स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणी वाजवणारा बॉक्स. आता डीलर म्हणतोय ८५ हजारांचा इम्पोर्टेड पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेतला नॉइज गाळणारा बॉक्स, लावा, अँप सेफ राहील आणि आवाजही खुलेल, १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय करून देतो. वहिनी म्हणतात ते पैसे होम लोनमध्ये टाका.

माझं उत्तर: हा बॉक्स आत्ता नको, पण प्रोटेक्शन हवंच, आणि वळीव सुरू व्हायच्या आत हवं.

आता हिशोब बघा. तुमची सिस्टिम २ लाख ८ हजारांची आहे म्हणून ८५ हजार जास्त वाटत नाहीत, पण भिंतीच्या प्लगला नक्की काय काय लागलेलं आहे ते मोजा ना. स्पीकर पॅसिव्ह आहेत, त्यांना मेन्सची वायरच नाही, ते अँपवर चालतात. टर्नटेबल ॲडॉप्टरवर आहे, उद्या काही झालं तर बहुतेक वेळा ॲडॉप्टर जातो आणि तो हजार-दोन हजारांत मिळतो. राहिले अँप आणि स्ट्रीमर, दोन्ही मिळून ८३ हजार. म्हणजे ८३ हजारांच्या वस्तू वाचवायला तुम्ही ८५ हजार घालताय, आणि अँपसुद्धा काही दरवेळी पूर्ण जात नाही, कधी फ्यूज जातो, कधी पॉवर सप्लाय सेक्शन, आणि ते रिपेअर होतं. कुठल्याही विम्यात मी हेच बघतो, की जाणार किती आणि वाचवायला घालतोय किती.

दुसरं, तुम्ही पाठवलेलं ब्रोशर मी नीट बघितलं. त्यात फिल्टर आहेत, सॉकेट किती ते आहे, सर्जचा, म्हणजे अचानक येणारा व्होल्टेजचा झटका किती सोसेल त्याचा, ज्यूलमधला आकडा आहे, पण व्होल्टेज रेग्युलेशनचा एक शब्द नाही. म्हणजे आत १८० आलं तर बाहेर १८०च जाणार. तुमचा त्रास आहे वरखाली होणारं व्होल्टेज आणि हा बॉक्स आहे नॉइज फिल्टर, दोन्हींचा संबंध फार थोडा. कंडिशनर वेगळा, व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवणारा स्टॅबिलायझर वेगळा. करंट घेऊन नव्याने २३० व्होल्ट बनवून देणारे रिजनरेटर असतात, पण त्यांच्या किमती बऱ्याच वर आहेत, तो विषयच आज नको.

इचलकरंजीसारख्या ठिकाणी घरातल्या इलेक्ट्रॉनिक्सला सगळ्यात मोठा धोका मला विचाराल तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटण्याचा. थ्री फेजच्या लाइनवर खांबावर किंवा डीपीत (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल सैल झाला की घरात २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टसुद्धा येऊ शकतं, आणि ते एक क्षणभर नाही, कोणीतरी मेन पाडेपर्यंत येत राहतं. सर्ज प्रोटेक्टरमधला एमओव्ही हा पार्ट काही मायक्रोसेकंदांचा झटका खायला केलेला असतो, तो असं सलग जास्त व्होल्टेज सोसू शकत नाही, तो स्वतःच जळतो. शिवाय प्रत्येक मोठ्या झटक्याला तो थोडा झिजतो, म्हणजे ८५ हजारांच्या बॉक्समधला प्रोटेक्शनचा भाग कायमचा नाही. न्यूट्रल गेल्यावर वाचवतो तो डीबीमध्ये, म्हणजे मीटरजवळच्या एमसीबीच्या पेटीत, बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की सप्लाय तोडतो, परत नीट झालं की थोडं थांबून जोडतो. साधारण दोन हजारांत येतो, आणि फक्त अँप नाही, फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, राउटर, सगळंच वाचवतो.

मी असं करीन. लायसन्स असलेला चांगला इलेक्ट्रिशियन बोलवून आधी अर्थिंग तपासून घ्या, जुन्या रो-हाऊसमध्ये अर्थिंगचा खड्डा बहुतेक कोरडा पडलेला असतो, गरज पडली तर नवीन करा, सहा-आठ हजार जातील. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर कितीही भारी घ्या, तो झटका सोडणार कुठे? मग डीबीमध्ये टाइप २ एसपीडी, म्हणजे पेटीत बसणारा सर्ज प्रोटेक्टर, चार हजारांच्या आसपास, आणि तो वर म्हटलेला रिले. एवढं झाल्यावर फक्त सिस्टिमसाठी १ केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर (छोट्या मोटरने व्होल्टेज सतत नीट करणारा), आठ-दहा हजारांचा. अँपच्या मागे कन्झम्प्शन लिहिलेलं असतं ते बघा, घरगुती अँपला १ केव्हीए भरपूर होतो. मजुरी धरून सगळं पंचवीस हजारांच्या आसपास, हे माझे अंदाज आहेत, लोकल कोट दोन तरी घ्या. आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढा, केबल टीव्हीची वायरसुद्धा काढा, ती पण विजेला घरात यायला एक वाटच असते.

ऑनलाइन यूपीएस, म्हणजे सतत स्वतःच वीज बनवून देणारा बॅटरीवाला यूपीएस, घेऊ का असंही विचारलंय. व्होल्टेज एकदम स्थिर देतो हे खरं, पण त्याला फॅन असतो, आणि शांत रात्री किशोरीताईंचा विलंबित ख्याल लावलाय आणि बाजूला फॅन घूं घूं करतोय हे तुम्हाला दोन दिवस नाही चालणार. शिवाय दर तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च.

आता आवाज खुलण्याबद्दल. अँपच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असतात, भिंतीतून येणाऱ्या एसीचं डीसी करून तो गुळगुळीत करणं हेच त्यांचं काम, आणि ६५ हजारांच्या अँपमध्ये ते बऱ्यापैकी केलेलं असतं. तरी कोणाला फरक ऐकू येत असेल तर मी वाद घालणार नाही, छंद आहे, कान तुमचे आहेत. पण तुम्ही लिहिलंय की टर्नटेबल लावला की बारीक हम (घुमल्यासारखा आवाज) येतो आणि डीलर म्हणाला कंडिशनरने जाईल. हे पैसे देण्याआधी फुकटात तपासा. टर्नटेबलची ग्राउंड वायर अँपच्या स्क्रूला घट्ट बसलीय का बघा, मग सेट-टॉप बॉक्सची केबल अँपपासून काढून बघा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. यातलं एक काढल्यावर हम गेला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेलीत, आणि त्याला कंडिशनर बहुतेक काही करत नाही. हम घालवायला अर्थची पिन मात्र कधीही काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी, जिवाशी खेळ आहे तो.

घराचा विमा आहे म्हणून तुम्ही निश्चिंत आहात असं वाटलं. भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या ठरावीक पॉलिसीत आग, वीज पडणं वगैरे येतं, पण शॉर्ट सर्किटने किंवा जास्त व्होल्टेजने जळालेल्या उपकरणाचं स्वतःचं नुकसान त्यातून वगळलेलं असतं, विजेमुळे झालं असलं तरी. तुमच्या पॉलिसीतलं एक्स्क्लूजनचं पान काढून वाचा.

नो-कॉस्ट ईएमआय तर नावाला नो-कॉस्ट. बँकेचं व्याज डिस्काउंटमधून वळतं करतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोख दिले असते तर मिळाली असती ती सूट गेलीच. रोखीचा भाव विचारा म्हणजे कळेल.

वहिनींचं म्हणणं आकड्यांत बरोबर आहे. तुमचं लोन ३५.५ लाख बाकी, ८.५ टक्के, ईएमआय ३५ हजार, अजून १५ वर्षं. ८५ हजार आज एकदम भरले आणि ईएमआय तोच ठेवला तर आठ-साडेआठ हप्ते कमी होतात, म्हणजे तीन लाखांच्या जरा आतली रक्कम शेवटी वाचते, आणि फ्लोटिंग रेट असल्यामुळे प्रीपेमेंटला चार्ज नाही. तरी मी आधी लोनमध्ये टाका म्हणणार नाही. घरखर्च ३० हजार आणि ईएमआय ३५ हजार मिळून महिन्याला ६५ हजार लागतात आणि बाजूला आहेत फक्त १ लाख १० हजार, दोन महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. मुलगी दोन वर्षांत बारावी करेल, तो खर्च समोर दिसतोय. तुम्ही ईएमआयसाठी महिना ७ हजार काढायला तयार होता ना, तेच ७ हजार काढा, पण पहिले तीन-चार महिने वीजकामाला, रिले आणि अर्थिंग सगळ्यात आधी, सर्वो शेवटी, आणि त्यानंतर सगळे इमर्जन्सी फंडात, तो चार लाखांच्या घरात जाईपर्यंत. मग प्रीपेमेंट.

फंड भरल्यावरही कंडिशनरची ओढ राहिली तर जरूर घ्या, हक्काने घ्या, पण छंदाच्या पैशातून घ्या, सेफ्टीच्या नावावर नको. घरी आठवडाभर ट्रायल मागा, बॉक्स जोडलाय की नाही हे तुम्हाला न सांगता मुलीला बदलायला लावा, आणि २३० व्होल्टचंच मॉडेल आहे ना ते लेबलवर बघा, अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा पीस इथे चालत नाही.

इलेक्ट्रिशियनला लूम जोरात चालू असतील तेव्हाच बोलवा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन रीडिंग घ्यायला सांगा, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी तो दोष काढा. फेज-न्यूट्रल आठवडाभर रोज संध्याकाळी लिहून ठेवा. २१६ ते २४४ च्या बाहेर वारंवार जात असेल तर ती वही घेऊन महावितरणकडे लेखी तक्रार करा, २३० च्या सहा टक्के वरखाली एवढीच मर्यादा आहे त्यांना. आणि १७० च्या खाली उतरत असेल तर सर्वो घेताना १४० पासून चालणारा मागा. रीडिंग आले की मला पाठवा, मग सर्वोचा कोट बघून सांगतो.