वाचकांचे प्रश्न : अहवाल लिहिण्याच्या आधीची कामे

संशोधनाचे निष्कर्ष शासकीय निर्णयांपर्यंत का पोहोचत नाहीत, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिघांची मुळेही त्यातच आहेत.

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएचडी करते. दोन तालुक्यांतील किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास चालू आहे आणि पुढील वर्षी निष्कर्ष हाती येतील. त्यांचा जिल्ह्याला उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते. अधिकाऱ्यांना अहवाल पूर्ण झाल्यावर भेटावे की आधीच? आणि नेमके कोणाला भेटावे? (एक संशोधक, नांदेड)

उत्तर : आधीच भेटावे, आणि शक्य असेल तर प्रश्नावली छापण्याच्याही आधी. मात्र भेटीला जाण्यापूर्वी आपल्या निष्कर्षामुळे कोणता निर्णय बदलू शकतो, हे स्वतःशी निश्चित करावे. ‘इतक्या टक्के मुलींना रक्तक्षय आहे’ हे वाक्य कितीही अचूक असले, तरी ते कोणाकडेही काही मागत नाही. त्याऐवजी साप्ताहिक लोहगोळ्यांच्या कार्यक्रमातील गोळी मुलीच्या पोटात का जात नाही, असा प्रश्न घेतला की संबंधित माणसे आपोआप दिसू लागतात. शाळेत गोळी देणारी जबाबदार शिक्षिका, तिच्यावरचे गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, शाळा सुटलेल्या मुलींसाठी अंगणवाडी सेविका आणि गोळी खाल्ल्यावर मळमळले म्हणून ती बंद करायला सांगणारी आई, या सर्वांच्या हातात त्या एका गोळीचा एकेक भाग आहे. अडचण पुरवठ्याची असेल, तर उत्तर जिल्ह्यात सापडणारच नाही, कारण औषधांची मोठी खरेदी राज्य पातळीवरून होते. अशा वेळी तालुका अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण करणे म्हणजे ज्यांच्या हातात काही नाही त्यांना दोष देण्यासारखे होते.

संबंधित घटकांची नुसती यादी करून भागत नाही. प्रत्येकाबाबत चार गोष्टी लिहून काढाव्यात : हा निर्णय यांच्या सहीने होतो का, त्याची अंमलबजावणी यांना करावी लागते का, त्याचा लाभ किंवा तोटा यांना होतो का, आणि हे लोक तो रोखू शकतात का. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक संशोधक विचारत नाहीत आणि तिथेच सर्वाधिक नुकसान होते, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण सविस्तर सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा जो प्रयोग केला, तो 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 39 गावांत त्यांनी बाळांचे वजन, तापमान, स्तनपान आणि आजाराची लक्षणे पाहिली, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना प्रतिजैविकाची इंजेक्शनेही दिली. या गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 62 वरून 25.5 वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत तो 58 होता आणि जवळजवळ 60 वरच राहिला. इतका स्पष्ट पुरावा असूनही आशा कार्यकर्तींमार्फत घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू व्हायला 2011 साल उजाडले.

ही बारा वर्षे केवळ वाट पाहण्यात गेली नाहीत. गडचिरोलीत असामान्य माणसे होती म्हणून ते साधले, इतरत्र साधणार नाही, अशी शंका धोरणकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. तिला युक्तिवादाने उत्तर देता येत नव्हते. म्हणून 2001 नंतर ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातील सात ठिकाणी इतर संस्थांनी तेच काम करून पाहिले, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत त्याची चाचणी घेतली. म्हणजे प्रयोग मूळ संशोधकांच्या हातातून निघून, ज्यांच्यावर दिल्लीचा विश्वास होता त्यांच्या हाती गेला. दरम्यान 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी आशा नेमल्या गेल्या. पुरावा आधीच तयार होता, तो राबवणारी माणसे आता मिळाली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकांसाठी घरभेटींची शिफारस केली, तेव्हा उरलासुरला संकोचही कमी झाला.

तरीही एक भाग मागे राहिला, आणि तोच मला सर्वाधिक शिकवून जातो. गावातल्या स्त्रीने बाळाला इंजेक्शन द्यावे, याला डॉक्टरांमधून तीव्र आक्षेप होता. प्रयोगात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले होते, तरी राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हाती इंजेक्शन दिले गेले नाही. 2014 मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची परवानगी मिळाली, ती आरोग्य सेविकांना, आशांना नव्हे. ज्या गटाकडे रोखण्याची ताकद होती, त्याच्या आक्षेपाच्या रेषेवरच धोरणाची सीमा आखली गेली. आपल्या अभ्यासात असा गट कोणता, हे आजच शोधून त्याच्यातील दोन-तीन मान्यवरांना सल्लागार समितीत घ्यावे. आक्षेप घेणारा माणूस मोजमापाची पद्धत ठरवताना हजर असला, तर निष्कर्षाच्या दिवशी त्याला मोजमापावर शंका घेता येत नाही.

वेळेबद्दलही लिहिते. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, जिल्हा परिषदेचा आणि राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये होतो. आपला अहवाल एप्रिलमध्ये आला तर तो वर्षभर कपाटात राहण्याची भीती आहे. पूर्ण विश्लेषण होण्याआधी, ज्यांत बदल होणार नाही याची खात्री आहे असे निष्कर्ष नोव्हेंबरपर्यंत देता येतील का, हे मार्गदर्शकांशी बोलून पाहावे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, त्यामुळे संबंध केवळ एका साहेबांशी ठेवू नये. कार्यालयातील जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, सांख्यिकी विभागातील कर्मचारी आणि आस्थापनेची माणसे पुष्कळदा साहेबांपेक्षा जास्त काळ तिथे असतात, आणि मागच्या वर्षी कोणता प्रस्ताव का अडला हे त्यांनाच माहीत असते.

प्रश्न : मी आशा गटप्रवर्तक आहे. सर्वेक्षण करणारे येतात, आमच्याकडून घरे दाखवून घेतात, बायकांचे रक्त तपासतात आणि निघून जातात. निकाल काय आला हे आम्हालाही कळत नाही आणि त्या बायकांनाही नाही. नंतर वरून नवा फॉर्म भरण्याचा आदेश येतो. आम्हाला कोणी विचारणार आहे का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती प्रत्येक संशोधन संस्थेने वाचावी अशी आहे. नवजात बाळाच्या घरभेटींचेच पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने सहा भेटी द्यायच्या, घरी झाले तर सात, आणि त्या पूर्ण झाल्यावर तिला 250 रुपये मिळतात. भेटींचे दिवस आणि फॉर्मचे रकाने कागदावर सहज आखता येतात. पण पावसाळ्यात नाला ओलांडून तिसऱ्या दिवशी त्या घरी पोहोचता येते का, हे केवळ तिलाच सांगता येते. तिला न विचारता आखलेला कार्यक्रम नोंदवहीत पूर्ण होतो आणि घरात अपुरा राहतो.

गडचिरोलीत याची एक चांगली रीत दिसते. दवाखाना बांधण्यापूर्वी ‘सर्च’ने आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, दवाखाना आमच्या घरांसारखा असावा आणि तो देवीच्या नावाने असावा, असे त्यांनी सांगितले. तो दवाखाना आज माँ दंतेश्वरीच्या नावाने आहे. लोकांचे म्हणणे ऐकून प्रत्यक्ष काय बदलले, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. सर्वेक्षणाला मदत मागायला कोणी आले, तर निकाल ग्रामसभेत आणि आशांच्या मासिक बैठकीत मराठीतून कधी सांगणार, हे आधी लेखी मागा. रक्त तपासलेल्या प्रत्येक स्त्रीला तिचा स्वतःचा निकाल मिळणे हा तिचा हक्कच आहे, त्यासाठी विनंती करण्याची गरज नसावी. दुसरे म्हणजे, महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे, म्हणजे गावकऱ्यांनीच सेवांवर लक्ष ठेवण्याचे, काम झाले आहे. त्याची सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत झाली, आणि त्यातील जनसुनावण्यांमध्ये गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांपुढे थेट प्रश्न मांडले. आपल्या भागात असे व्यासपीठ चालू असेल तर संशोधकांना तिथे बोलवावे. बंद सभागृहातल्या कार्यशाळेपेक्षा तिथे मिळणारे उत्तर अधिक खरे असते.

प्रश्न : शासनाला सुरुवातीपासून सामील करून घेतले तर संशोधनाचे स्वातंत्र्य कसे टिकणार? गैरसोयीचे निष्कर्ष दडपले गेले तर? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : ही भीती निराधार नाही. म्हणून सहभाग कशात आणि कशात नाही, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावे. कोणता प्रश्न महत्त्वाचा, कोणती माहिती उपलब्ध आहे, कोणता उपाय राबवण्याजोगा आहे, यांत शासनाचे म्हणणे पूर्णपणे ऐकावे. विश्लेषणाचा आराखडा माहिती गोळा होण्याआधी नोंदवून ठेवावा आणि त्यानंतर तो कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. मसुदा विभागाला वाचायला द्यावा, प्रतिसादासाठी ठरावीक मुदत द्यावी, त्यांचे मतभेद असल्यास अहवालात त्यांच्याच शब्दांत छापावेत, पण प्रकाशनाचा अधिकार संशोधकांकडेच राहील असे करारात असावे. निधी विभागाचाच असेल तर हे कलम अधिकच आवश्यक आहे, आणि ते मान्य नसेल तर तो निधी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गैरसोयीचा निष्कर्ष अधिकाऱ्यांना वर्तमानपत्रातून प्रथम कळू नये, एवढे सौजन्य मात्र जरूर पाळावे. आधी कळलेला अधिकारी उत्तर तयार करतो, अचानक गाठलेला अधिकारी बचाव तयार करतो, आणि त्यानंतर चर्चा उपायांवर राहत नाही.

प्रश्न : अधिकाऱ्यांच्या हातात नेमके काय द्यावे? दीडशे पानांचा अहवाल कोणी वाचत नाही. (एक स्वयंसेवी संस्था, नाशिक)

उत्तर : दोन पाने द्यावीत, मराठीत. त्यांत निष्कर्ष एका परिच्छेदात असावा आणि उरलेली जागा चार बाबींसाठी ठेवावी : काय करायचे, ते कोणत्या पदावरील व्यक्तीने करायचे, त्यासाठी तिच्याकडील कोणते काम कमी करायचे, आणि खर्च किती. तिसरी बाब सहसा गाळली जाते आणि मग नवा उपक्रम जुन्याच खांद्यांवर पडतो. खर्चाचा आकडा टाळू नये. गडचिरोलीच्या शोधनिबंधाच्या सारांशातच प्रत्येक नवजात बाळामागे 5.3 अमेरिकी डॉलर खर्च आला आणि अशी काळजी घेतलेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला, असे नोंदवलेले आहे. वित्त विभागातील अधिकाऱ्याला पुढचा गुणाकार स्वतः करता येतो. दीडशे पानांचा अहवाल फेकू नये, तो जोडपत्र म्हणून सोबत ठेवावा, कारण प्रस्तावावर पहिली शंका निघाली की टिप्पणी लिहिणारा कर्मचारी तोच उघडतो.