हूटर न वाजवता अलार्मची पेटी कशी उघडायची?

प्रश्न : आमचं कौलारू घर चिपळूणजवळच्या गावात आहे. मिस्टर मस्कतला असतात, घरी मी आणि ८१ वर्षांचे सासरे. चोरीच्या भीतीने काही वर्षांपूर्वी आठ झोनचा वायरवाला अलार्म बसवून घेतला. अलीकडे कीपॅडवर पिवळा दिवा लागतो आणि मधूनमधून बीप येतो. गावातल्या इलेक्ट्रिशियनला बॅटरी बदलायला बोलावलं. मी स्वतः कोड टाकून अलार्म बंद केला होता, तरी जिन्याखालची पेटी उघडताच हूटर सुरू झाला. सासरे घाबरून थरथरायला लागले, मस्कतला फोन गेला, शेजारी धावत आले. इलेक्ट्रिशियनने झाकण लावलं आणि निघून गेला. ज्यांनी सिस्टिम बसवली ते आता हे काम करत नाहीत, पण त्यांनी दिलेल्या कागदावर ‘इन्स्टॉलर कोड’ लिहिलेला आहे. गोंधळ न होता बॅटरी बदलता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, येईल. पॅनेल, म्हणजे जिन्याखालची ती पेटी, बिघडलेलं नाही, उलट त्याला जे करायला सांगितलंय तेच त्याने केलं.

तुम्ही तुमचा रोजचा कोड टाकलात तेव्हा पॅनेलने दारं, खिडक्या आणि हालचाल टिपणारे सेन्सर यांच्याकडे बघणं सोडलं, इतकंच. पेटीच्या झाकणाला आतून टेकलेला एक लहानसा स्प्रिंगचा स्विच असतो, त्याला आम्ही टॅम्पर म्हणतो. तो चोवीस तासांच्या सर्किटवर असतो. पॅनिक बटण आणि धुराचा सेन्सरही तसेच. अलार्म लावलेला असो वा नसो, झाकण हललं की तो ओरडणार. हे असं मुद्दाम ठेवलेलं असतं. भर दुपारी, अलार्म बंद असताना, कुणी दुरुस्तीवाला म्हणून घरात शिरावं, पेटी उघडून हूटरची वायर सोडून ठेवावी आणि रात्री परत यावं, हे होऊ नये म्हणून.

तेव्हा पेटी उघडण्याआधी पॅनेलला कळवावं लागतं की आता उघडणारा माणूस घरचाच आहे. त्यासाठीच तो इन्स्टॉलर कोड. आधी रोजच्या कोडने अलार्म बंद करायचा, मग इन्स्टॉलर कोडने प्रोग्रॅमिंगमध्ये जायचं. कुठली बटणं दाबायची हे प्रत्येक कंपनीच्या पॅनेलचं वेगळं असतं. कीपॅडवरचा मॉडेल नंबर टाकून शोधलात तर माहितीपुस्तिका मिळते. बहुतेक पॅनेलं प्रोग्रॅमिंगमध्ये असेपर्यंत टॅम्परवर हूटर वाजवत नाहीत आणि डायलरही (ठरलेल्या नंबरांना आपोआप फोन लावणारा भाग) फोन लावत नाही. तरी झाकण आधी बोटभरच सैल करून बघा, आणि रोजचा कोड तोंडपाठ असलेलं माणूस कीपॅडपाशी उभं ठेवा.

पण यंत्राच्या आधी माणसं. सासऱ्यांना आदल्या दिवशीच सांगा, आणि जमलं तर कामाच्या वेळी त्यांना शेजारी चहाला पाठवा. डायलरमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्या सगळ्यांना, मस्कतला धरून, वेळ कळवा. एखाद्या कंपनीचं नियंत्रण केंद्र तुमच्या घरावर लक्ष ठेवत असेल तर फोन करून ‘दोन तास टेस्टवर टाका’, म्हणजे तेवढा वेळ आलेला अलार्म खरा धरू नका, असं सांगायचं, ते तुमचा सांकेतिक शब्द विचारतील. आणि शेजाऱ्यांना सांगायला विसरू नका. विनाकारण दोनतीनदा धावून आलेला शेजारी चौथ्यांदा येत नाही, आणि गावाकडच्या घरात खरं संरक्षण त्या शेजाऱ्याचंच असतं.

आता बॅटरी. पेटीतला तो काळा ठोकळा म्हणजे बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. घेताना हे दोन्ही आकडे जुळवा. पेटी उघडली की ट्रान्स्फॉर्मर कुठे आहे ते पाहा. आपल्याकडे तो बऱ्याचदा पेटीतच बसवतात, म्हणजे २३० व्होल्टची जोडणी हाताजवळ असते. ती उघडी दिसली तर ताई, तुम्ही हात घालू नका, इलेक्ट्रिशियनलाच एमसीबी पाडून काम करू दे. ती नीट झाकलेली असेल, किंवा ट्रान्स्फॉर्मर बाहेर सॉकेटमध्ये असेल, तर मेन चालूच ठेवून बॅटरी बदलावी हे माझं मत. पॅनेल जागं राहतं, फक्त पिवळा दिवा तसाच राहतो. काळी वायर आधी काढा, मग लाल. नवी लावताना लाल आधी. वायरी उलट लागल्या तर फ्यूज जातो, कधी पॅनेलचा सर्किट बोर्डही जातो. बॅटरीवर मार्करने तारीख लिहून ठेवा. साधारण तीन ते पाच वर्षं ती टिकते, पण तुमच्याकडचा उकाडा आणि वादळात दिवसदिवस जाणारी वीज पाहता मी तीन वर्षांनंतर तिच्यावर भरवसा ठेवणार नाही.

मेन पाडूनच काम करावं लागलं तर आधी एक गोष्ट तपासा. काही बाहेरच्या सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असते. पेटीकडून येणारी वीज पूर्ण थांबली की वायर कापली असं समजून ते आपलं आपण वाजायला लागतात. दोनच वायरींचा साधा हूटर असेल तर ही भीती नाही. आतली बॅटरी असलेला असेल तर पॅनेल प्रोग्रॅमिंगमध्ये आणि मेन चालू असतानाच त्याचं झाकण उघडून ती बॅटरी सोडवायची, मग मेन पाडायचा. शिडीवर कानात बोळे घालूनच चढा. हा आवाज जवळून ११० डेसिबलच्या आसपास असतो, दचकून तोल जातो. आणि कोकणात हूटरच्या खोक्यात गांधीलमाशीचं पोळं आहे का तेही पाहावं लागतं!

नवी बॅटरी लावून काही तासांनी तिच्यावर मीटर धरायला सांगा. मेन चालू असताना १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच्या आतबाहेर घुटमळत असेल तर चार्जिंगच होत नाहीये. दोष बहुधा बोर्डात आहे, आणि नवी बॅटरीही लवकरच संपेल. चार्जिंग ठीक असेल तर मग अर्धा तास मेन पाडा. तेवढ्यात व्होल्टेज बारापर्यंत घसरलं तर ती बॅटरी परत करा. जुनी मात्र विक्रेत्याकडेच द्या. तिच्यात शिसं आहे आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

पेटी उघडलीच आहे तर आतल्या मुंग्या आणि पालीची घाण सुक्या ब्रशने झाडा. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमध्येही पाल शिरते, आणि रात्री अडीचला उगाच वाजणारे कितीतरी अलार्म तिचेच असतात. सागवानी दार पावसात फुगतं, नीट मिटत नाही, मग चौकटीवरचा स्विच आणि दारावरचं चुंबक यांच्यात फट राहते आणि पॅनेलला दार उघडं दिसतं. चुंबक थोडं सरकवून लावा. आणि डायलरमधल्या सिमचा रिचार्ज बघा. पॅनेल ठणठणीत, बॅटरी नवी आणि सिमची मुदत संपलेली, अशी घरं मला इतकी दिसतात की आता मी सगळ्यात आधी तेच विचारतो.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सोपी म्हणून सांगितली तरी करू देऊ नका. टॅम्परच्या स्विचवर चिकटपट्टी लावायची किंवा त्यात आगकाडी खोचायची. कटकट नको म्हणून हूटरची वायर सोडून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. माझ्या धंद्यातले लोक हे सर्रास करतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कारण कीपॅडवर हिरवा दिवा तसाच दिसत राहतो. तुम्ही त्या दिव्याच्या भरवशावर झोपता, सासऱ्यांना एकटं ठेवून बाजारात जाता, आणि पेटी मात्र मुकी झालेली असते.

म्हणून काम झाल्यावर झाकण स्क्रूने घट्ट बसवा, प्रोग्रॅमिंगमधून बाहेर या आणि पिवळा दिवा गेल्याची खात्री करा. प्रोग्रॅमिंगमध्येच राहून गेलेलं पॅनेल घर राखत नाही. मग सगळ्यांना सांगितलेल्या वेळी अलार्म लावा आणि मुद्दाम मागचं दार उघडा. हूटर वाजलाच पाहिजे, मस्कतला फोन गेलाच पाहिजे. सासऱ्यांना तेव्हा तुमच्याजवळ उभं करा आणि कोड टाकून तो बंद करायला त्यांनाच द्या. आवाज कुठून येतो आणि कसा थांबतो हे हाताला कळलं की धास्ती निम्म्याने कमी होते. त्यानंतर इन्स्टॉलर कोड बदला आणि नवा कोड पेटीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवा.

प्रश्न : नागपूरला फ्लॅटमध्ये बिनतारी सेन्सर आहेत. सेल बदलायला सेन्सर उघडला की अलार्म वाजतो. काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण तेच, बहुतेक बिनतारी सेन्सरच्या झाकणाखाली स्वतःचा टॅम्पर असतो. पॅनेल टेस्टमध्ये किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये टाका, मग सेन्सर उघडा. एका वेळी एकच. मधल्या काळात सेन्सर बराच वेळ गप्प राहिला तर पॅनेल तो हरवला म्हणून वेगळी तक्रार करतं. अनेकांत सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल लागतो, जुना काढून नेऊन तसाच आणा. झाकण लावल्यावर दार उघडून-मिटून पाहा. हालचालीचा सेन्सर असेल तर दोनतीन मिनिटं थांबा, तो स्थिर व्हायला वेळ घेतो, मग त्याच्यासमोरून चालत जा. कीपॅडवर त्या झोनची नोंद दिसली की पुढचा सेन्सर उघडा.