हलणं कुणाचं, चालणं कुणाचं?

प्रश्न: एका व्हिडिओ गेमच्या माहितीचं मराठी करतो आहे. त्यातली पात्रं हाताने काढलेली आहेत, पण ती थ्रीडी जगात सगळीकडे फिरतात. मी लिहिलं, ‘त्रिमितीय हालचाल असलेले हस्तचित्रित ॲनिमेशन’. वाचणाऱ्यांनी भलताच अर्थ काढला. काय चुकलं? आणि टूडी-थ्रीडीच्या मधल्या ‘टू पॉइंट फाइव्ह डी’ला (२.५डी) मराठीत काय म्हणावं?

उत्तर: तुमचं फारसं चुकलेलं नाही. खरा घोळ ‘हालचाल’ या शब्दाने घातला आहे.

हालचाल म्हणजे हालणं आणि चालणं. (हिंदीतल्या ‘हालचाल’शी याची गल्लत नको; तिथला ‘हाल’ अरबीतून आलेला, त्याचा अर्थ अवस्था.) झाडाचं पान हलतं, चालत नाही. ‘जागचा हलला नाही’ असं आपण म्हणतो खरं, पण तिथेही ‘जागचा’ हा शब्द जोडावा लागतो, तेव्हा कुठे जागा बदलल्याचा अर्थ पक्का होतो. एरवी या दोन क्रिया एकाच शब्दात बांधल्याने काही बिघडत नाही, कारण माणूस चालतो तेव्हा त्याचे हातपाय हलतातच.

तुम्ही म्हणता तशा गेममध्ये मात्र दोन्ही क्रियांचे कर्ते वेगळे असतात. पात्राने पाय उचलणं, केस उडणं, डोळा मिटणं हे चित्रकाराने एकेक चित्र काढून घडवलेलं असतं. तेच पात्र खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला जातं ते प्रोग्रामच्या आकडेमोडीने. हलणं चित्रकाराचं, चालणं यंत्राचं. दोघांचा वेगसुद्धा एक नसतो. समजा गेम सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर उमटणारी एकेक स्थिर दृश्यं) दाखवतो आणि चित्रं सेकंदाला १२च बदलतात (सिनेमाच्या २४ फ्रेमच्या हिशेबात एकेक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवायची जुनी रीत आहे, तिच्यातून हा आकडा येतो). म्हणजे एक चित्र पाच फ्रेम तसंच राहतं, पण तेवढ्यात पात्राची जागा पाचदा बदलते. हललं एकदा, चाललं पाचदा. दोन्हींचा मेळ बसला नाही की पावलं जमिनीवर न पडता घसरल्यासारखी दिसतात. पात्र जणू बर्फावरून चाललं आहे!

तुमच्या ओळीत ‘त्रिमितीय’ हे विशेषण हलण्यालाही चिकटलं आणि चालण्यालाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं, हातपायही थ्रीडी मॉडेलचेच, म्हणजे संगणकात घडवलेल्या पुतळ्याचेच आहेत. चालण्यासाठी ‘वावर’ वापरा, प्रश्न सुटतो. ‘त्रिमित वावर’. शेताला वावर म्हणणारे क्षणभर हसतील, हसू द्या. ‘संचार’ही चालेल, पण तो वाघाचा किंवा अंगात आलेल्या दैवताचा वाटतो. आणि ‘त्रिमित’ की ‘त्रिमितीय’? दोन्ही शुद्ध. ‘मित’ म्हणजे मोजलेलं, परिमितमधलं; ते मुळातच विशेषण आहे. ‘मिती’ या नामाला ईय लावून ‘मितीय’. मला आखूड शब्द आवडतो, एवढंच.

आता ‘हस्तचित्रित’. इथे खड्डा आहे, कारण आजच्या मराठीत ‘चित्रित’ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं. ‘हा प्रसंग पावसात चित्रित केला’ असंच आपण वाचतो. तेव्हा हस्तचित्रित म्हणजे हातात कॅमेरा धरून केलेलं चित्रीकरण असंही कुणाला वाटेल. ‘हस्तरेखित’ म्हणावं तर ज्योतिषी आठवतो. मला वाटतं, हातमाग, हातगाडी, हातकाम यांच्या ओळीत ‘हातचित्र’ बिनबोभाट बसतं. ॲनिमेशन मात्र ॲनिमेशनच राहू द्या. लॅटिन ‘ॲनिमा’ म्हणजे श्वास, प्राण; म्हणून कुणी ‘अनुप्राणन’ सुचवतात. अर्थ नेमका आहे, पण उच्चारताना आपलाच प्राण कंठाशी येतो.

‘टू पॉइंट फाइव्ह डी’च्या बाबतीत मात्र मराठी भाग्यवान आहे. एकेकाळी पाढ्यांत अडीचकी (अडीचचा पाढा) घोकणाऱ्या भाषेला ‘दोन दशांश पाच’ म्हणण्याची गरजच काय? ‘अडीचमिती’ म्हणा. फक्त हा शब्द सैल आहे हे लक्षात असू द्या. थ्रीडी देखावा पण वावर डावी-उजवीकडेच, यालाही तो लावतात आणि थ्रीडी जगातल्या सपाट पात्रांनाही लावतात.

१९९३चा ‘डूम’ हा गेम घ्या. त्यातला राक्षस म्हणजे सपाट चित्र, तुमच्याकडे तोंड करून उभं केलेलं. पण तो पाठमोरा चालला असेल तर पाठ दिसायला हवी, म्हणून आठ दिशांची चित्रं लागतात. चालण्याची १२ चित्रं धरली तर एका पात्राच्या नुसत्या चालीला ९६ चित्रं. मग काटकसर सुरू होते. डूमच्या फाइलमध्ये चित्रांच्या नावाच्या शेवटी ‘ए२ए८’ असं काही असतं. ‘ए’ म्हणजे चालीतलं पहिलं चित्र, २ म्हणजे दुसरी दिशा. तेच चित्र आरशासारखं उलटं केलं की आठवी दिशा तयार. अशा तऱ्हेने आठ दिशा पाच चित्रांत भागतात, आणि उजव्या हातातलं शस्त्र बघता बघता डाव्या हातात जातं. डूममध्ये खेळणाऱ्याला मान वर-खाली करायची सोयच नव्हती, म्हणून हे खपलं. वरून पाहता आलं असतं तर सपाटपणा उघडा पडला असता. (एक दुरुस्ती आधीच करतो: डूममधले काही राक्षस मातीच्या पुतळ्यांवरून कॅमेऱ्याने टिपलेले आहेत, म्हणून त्यांना हातचित्र म्हणणं सरसकट बरोबर नाही.)

कॅमेऱ्याकडे सतत तोंड वळवणाऱ्या अशा सपाट चित्राला ‘बिलबोर्ड’ म्हणतात. त्याचं ‘जाहिरातफलक’ करू नका, हात जोडून विनंती. ‘सन्मुख चित्र’ म्हणा. सन्मुख म्हणजे समोर तोंड असलेलं, आणि इथे तोच अर्थ हवा.

उलटा प्रकारही आहे. २०१४च्या ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ या मारामारीच्या गेममधली पात्रं हाताने काढल्यासारखी दिसतात, पण असतात पुरती थ्रीडी मॉडेल. संगणक दोन पोझच्या मधल्या अवस्था आपोआप भरून काढतो, ते तिथे मुद्दाम टाळलं आहे. पोझ चित्रासारखी थबकते आणि मग एकदम बदलते. याला ‘चित्रवत’ म्हणण्याचा मोह होईल, पण चित्रवत म्हणजे मराठीत स्तब्ध! आणि ज्याच्यावर हे सगळं रचलंय ती तर मारामारी. मी ‘चित्राभासी’ म्हणेन.

तुमची ओळ: ‘हातचित्रांची पात्रं, त्रिमित वावर’. पात्रं एकाच सन्मुख चित्राची आहेत की आठ दिशांच्या चित्रांची, हे गेम पाहून तुम्हीच ठरवा. त्यावरून पुढचं वाक्य बदलेल.